जुन्या जिनाला नवे काम: एका अभ्यासाचा अनुभव

वास्तुकलेची पदवी घेतल्यानंतर काही वर्षे मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत नवी बांधकामेच केली. प्लॉट मोकळा करून घ्यायचा, आखणी करायची आणि खोदाईला लागायचे, हा क्रम इतका ठरलेला होता की जागेवर आधीपासून उभी असलेली इमारत म्हणजे अंदाजपत्रकातली ‘पाडकाम व मलबा उचलणे’ ही एक ओळ असे. पदव्युत्तर अभ्यासाचा विषय निवडताना मी मुद्दाम त्या ओळीकडे वळले आणि अस्तित्वातील इमारतींचा शाश्वत पुनर्वापर हा विषय घेतला. मूळ उपयोग संपलेली इमारत न पाडता, तिच्या रचनेला शक्य तितका कमी धक्का लावून, तिला आजच्या गरजेच्या कामाला लावायचे, आणि हे करताना खर्च होणारी ऊर्जा, पाणी व साहित्य यांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा, असे या विषयाचे स्वरूप आहे.

खान्देशात अशी इमारत शोधत फिरावे लागत नाही. भुसावळपासून चाळीसगावपर्यंत आणि जळगावपासून अमळनेर, नंदुरबारपर्यंत, रेल्वे स्टेशन असलेल्या बहुतेक बाजारगावांत स्टेशनच्या अंगाला एखादे तरी जुने जिन-प्रेसचे, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधण्याच्या कारखान्याचे, आवार असते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खान्देशात पोचली, आणि इथल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला एकदम मोल आले. पुढे १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने हा भाग थेट सुरतेशी जोडला. कापूस वाघिणीत चढवण्याआधी त्यातली सरकी काढायची आणि रुईच्या घट्ट गाठी बांधायच्या, म्हणून ही आवारे स्टेशनालगत उभी राहिली. नंतर विजेवरची नवी यंत्रे आली, औद्योगिक वसाहतींत मोकळ्या जागा मिळाल्या, वारसांच्या वाटण्या झाल्या, आणि जुने जिन एकेक करून बंद पडत गेले. जळगावातल्या खान्देश मिलच्या जागेवर आज व्यापारी संकुल उभे आहे. तालुक्याच्या गावांत तेवढी मोठी योजना होत नाही. तिथे शेड पाडून प्लॉट पडतात, कोरीव काळा दगड ट्रॉलीने जातो आणि सागाचे खांब जुन्या लाकडाच्या वखारीत उभे राहतात.

मी अभ्यासासाठी निवडलेले आवार अमळनेर परिसरातल्या एका बाजारगावात आहे आणि एका शेतकरी-व्यापारी कुटुंबाच्या सामाईक मालकीचे आहे. त्यांच्या विनंतीवरून गावाचे व कुटुंबाचे नाव इथे देत नाही. आवारात एक लांबलचक जिनघर, त्याच्या टोकाला उंच व जाड भिंतींचे प्रेसघर, बॉयलरची खोली, तुटक्या माथ्याची विटांची चिमणी, बांधीव विहीर आणि सरकीची दोन गोदामे आहेत. जिनघराच्या भिंती घडीव काळ्या दगडाच्या असून दोन फुटांहून अधिक जाड आहेत. छप्पर करवतीच्या दात्यांसारखे आहे: प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, तर उतरती बाजू पत्र्याची. आतमध्ये सागाच्या खांबांच्या रांगा, त्यांवर लाकडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), आणि काही ठिकाणी नंतर घातलेल्या लोखंडी तुळया आहेत. त्यांतल्या एका तुळईवरचा गंज तारेच्या ब्रशने घासल्यावर ‘डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो’ हा इंग्लंडमधल्या पोलाद कंपनीचा ठसा वाचता आला. अशा ठशाचा उपयोग केवळ कौतुकापुरता नसतो. त्यावरून ती तुळई बिडाची नसून लाटीव पोलादाची आहे हे नक्की होते, तिच्या काळाचा अंदाज बांधता येतो, आणि तिची भारक्षमता ठरवताना कोणत्या जुन्या तक्त्यांचा आधार घ्यायचा हे कळते.

अभ्यासाचा पहिला आणि सर्वांत मोठा भाग मोजणीचा होता, आणि माझ्या मते या विषयातले निम्मे शिक्षण तिथेच होते. नव्या इमारतीचा नकाशा आधी असतो व इमारत नंतर येते. इथे इमारत समोर असते आणि तिचा नकाशा तिच्यातूनच काढायचा असतो. अंतरासाठी लेसर मीटर होता, पण भिंत ओळंब्यात आहे की नाही हे ओळंबा सोडूनच पाहिले आणि जमिनीची पातळी पाण्याच्या नळीने घेतली. खोल्यांचे कर्ण मोजल्याशिवाय कोणताही कोन काटकोन मानायचा नाही, हा नियम आमच्या मार्गदर्शकांनी घालून दिला होता. जिनघराचा एक कोपरा काटकोनात नव्हता, आणि त्याचे कारण रेल्वेच्या साइडिंगची, म्हणजे मालासाठीच्या बाजूच्या रुळाची, वळणरेषा होती. बांधणाऱ्यांनी भिंत रुळाला समांतर नेली होती, म्हणजे जे वेडेवाकडे दिसत होते त्यालाही कामाचे कारण होते.

मोजणीत सापडलेली सर्वांत मोलाची गोष्ट जमिनीखाली होती. जुन्या जिनांत रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, उंच ओट्यावर मांडलेले असत आणि त्यांना फिरवणारा लांब शाफ्ट ओट्याखालच्या बोळातून जाई. वाफेच्या इंजिनावरून पट्ट्याने शाफ्ट फिरायचा आणि शाफ्टवरून प्रत्येक रेच्याला पट्टा जायचा. हा बोळ सरकीची साल, माती आणि जुन्या पोत्यांनी बुजलेला होता. तो साफ करून आत उतरल्यावर दिसले की दगडी कमानींवर पेललेला, माणूस थोडा वाकून चालू शकेल असा हा बोळ पूर्ण जिनघराच्या लांबीभर जातो आणि विहिरीच्या बाजूला उघडतो. भिंतींच्या कपारींत रुईचे पुंजके अजून चिकटलेले होते. नव्या उपयोगाच्या वेळी पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा या बोळातून नेता येतील आणि दगडी भिंतीत एकही खाच मारावी लागणार नाही, हे तिथेच लक्षात आले.

यानंतर दुखण्यांची नोंद सुरू झाली. जिनघराला पश्चिमेकडून एक पडवी जोडलेली आहे, आणि मूळ भिंत व पडवी यांच्या सांध्यावर बोट जाईल एवढी भेग होती. अशी भेग पाहिली की लोक इमारत कललीच असे समजतात. आम्ही भेगेवर काचेच्या पट्ट्या चुन्याच्या गिलाव्याने बसवल्या आणि त्यावर तारीख लिहून ठेवली. भेग हलती असेल तर काच तडकते, जुनी व थांबलेली असेल तर शाबूत राहते. उन्हाळ्याच्या अखेरीस पडवीकडच्या पट्ट्या तडकल्या, मूळ भिंतीवरच्या केसासारख्या भेगांवरच्या मात्र जशाच्या तशा राहिल्या. मग दोन्हींच्या पायाजवळ खड्डा घेतला. मूळ भिंतीचा पाया काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत नेलेला होता, तर पडवीचा पाया काळ्या मातीतच थांबला होता. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून हातभर भेगाळते, हे कापूस लावणाऱ्याला सांगावे लागत नाही. तिच्यावर टेकलेला उथळ पाया वर्षातून एकदा उचलला जातो आणि एकदा खाली बसतो. त्यामुळे उपाय मूळ इमारतीवर करायचा नव्हताच. पडवी सुटी करायची, सांध्यात हलायला जागा ठेवायची, आणि छपराचे पाणी पायाजवळ न मुरता दूर जाईल अशी गटार काढायची, एवढे पुरेसे होते. हा तपास न करता एखाद्याने सारी भिंत सिमेंटच्या घोळाने भरून काढली असती, तर पैसा गेला असता आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग शेजारीच उघडली असती.

ओलीचे दुखणे अधिक व्यापक होते. कधीतरी आतल्या भिंतींना छातीपर्यंत सिमेंटचा गिलावा केलेला होता, आणि बरोबर त्याच्या वरच्या कडेला भिंतभर लोणा लागला होता. दगडी भिंतीच्या सांध्यांतला चुना सच्छिद्र असतो. जमिनीतून चढलेली ओल त्यातून हवेत निघून जाते. सिमेंटच्या घट्ट थराने ती वाट बंद झाली की पाणी थर संपेपर्यंत वर चढते, तिथे वाळते, आणि सोबत आणलेले क्षार तिथेच ठेवते. क्षारांचे स्फटिक वाढताना सांध्यातला चुना फुटतो आणि भुगा होऊन गळतो. आमच्यासोबत काम करणारे वयस्क मिस्त्री, ज्यांना सारे नाना म्हणत, त्यांनी टाचणीने तो भुगा काढून हातावर घेतला आणि अहिराणीत एकच प्रश्न विचारला, “भीतले सिमीट लाई दिधं, मंग पानी कथाईन निंघी?” म्हणजे, भिंतीला सिमेंट लावून टाकले, मग पाणी कुठून निघणार? माझ्या प्रबंधातले ओलीचे प्रकरण त्या प्रश्नाचेच सविस्तर उत्तर आहे.

चुना कसा करायचा हे मी नानांकडून शिकले, आणि हा भाग मला सविस्तर सांगावासा वाटतो, कारण आमच्या पदवीच्या अभ्यासक्रमात त्याला एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा नव्हती. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की पाणी उकळू लागते. म्हणून चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. विरलेला चुना गाळून, पाण्याखाली झाकून मुरवत ठेवतात. जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून तो मळायचा. नानांच्या तरुणपणी यासाठी बैलांची घाणी असे. दगडी चाक गोल चरीतून फिरायचे आणि कालवण चिकट होईपर्यंत मळले जायचे. आम्ही घाणीऐवजी विजेवर चालणारे चक्कीसारखे मिक्सर वापरले. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन हळूहळू दगड होतो, तर सुरखीतल्या भाजक्या मातीशी त्याची पाण्याच्या सान्निध्यात क्रिया होते आणि कालवण लवकर व अधिक घट्ट बसते. खान्देशातल्या उन्हाळ्यात यातला खरा प्रश्न पाण्याचा असतो. गिलावा केल्यावर भिंतीवर ओले तरट टांगून तो अनेक दिवस ओलसर ठेवावा लागतो, नाहीतर वरचा थर भाजून आतला कच्चाच राहतो. म्हणून नमुन्याचा गिलावा आम्ही पावसाळ्यानंतरच्या दिवसांत घेतला.

लाकडाची तपासणी त्यामानाने साधी, पण संयमाची होती. प्रत्येक खांबाला लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. भरीव लाकूड खणखणते, पोकळ लाकूड बदबद वाजते. जिथे शंका येईल तिथे टोचा रोवून पाहायचे. साग वाळवीला सहसा दाद देत नाही, पण सतत ओल्या भिंतीत अडकलेली तुळईची टोके आणि फरशीत पुरलेले खांबांचे बुंधे कुजतातच. कुजलेला बुंधा कापून जुन्याच सागाचा तुकडा खाचेत बसवून पोलादी पट्ट्या आवळता येतात, आणि खाली दगडी बैठक देऊन खांब ओलीपासून उचलता येतो. मग सबंध खांब बदलावा लागत नाही.

भूकंपाचा विचार मात्र मनात सतत होता. तापीचे खोरे २०१६ च्या भारतीय मानकाच्या नकाशात तिसऱ्या भूकंप क्षेत्रात येते, आणि १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात मोठा भूकंप झालेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जी माणसे दगावली, त्यांतली बहुतेक स्वतःच्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती व धाबी (मातीची सपाट छते) अंगावर पडून दगावली. तिथल्या भिंतींत आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन पदर होते, मध्ये भर होती, आणि दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड फारसे नव्हते. आम्ही जिनघराच्या भिंतीत असे दगड शोधले. खिडक्यांच्या कडांशी ते सापडले, मधल्या भागात विरळ होते. भिंतींचे मजबुतीकरण कसे करावे याचे मार्गदर्शन आयएस १३९३५ या भारतीय मानकात आहे. त्यानुसार मधल्या भागात ठरावीक अंतरावर आरपार छिद्रे घेऊन पोलादी सळ्यांचे दुवे बसवायचे, कैच्या भिंतीला नीट बांधायच्या आणि माथ्यावर पट्टा द्यायचा, असा प्रस्ताव आम्ही मांडला. जुनी भिंत जाड आहे म्हणजे सुरक्षित आहे, हा भ्रम बाळगून कोणत्याही इमारतीत माणसे बसवू नयेत.

याच संदर्भात मी गावातली दोन-तीन धाब्याची घरेही मोजली. मातीच्या एक फूट जाड धाब्याचे वजन प्रत्येक चौरस मीटरला साधारण अर्धा टन भरते. दरवर्षी पावसाळ्याआधी वर खाऱ्या मातीचा नवा थर टाकायची रीत आहे, पण जुना थर काढायची रीत सर्वत्र पाळली जात नाही, त्यामुळे पिढीगणिक छत जड होत जाते आणि खालच्या तुळया त्याच राहतात. मेच्या दुपारी या घरांत जो गारवा असतो तो दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून ती वाचावीत असे मला मनापासून वाटते. पण वाचवायची तर आधी वरची माती कमी करून छताचे ओझे उतरवले पाहिजे.

सगळ्यांना उत्सुकता होती ती नव्या उपयोगाची. कुटुंबातल्या थोरल्यांना मंगल कार्यालय हवे होते, एका भावाच्या डोक्यात केळी पिकवण्याची चेंबर होती, आणि गावातली मुले अभ्यासिका मागत होती. अभ्यासक्रमात मी एक गोष्ट पक्की शिकले होते: उपयोग आधी ठरवून इमारत त्यात कोंबायची नाही, इमारतीला काय पेलते व काय शोभते हे आधी पाहायचे. तीनही पर्याय त्याच कसोटीवर घासले. मंगल कार्यालयाला मधे खांब नसलेले मोठे दालन लागते, म्हणजे सागाच्या खांबांची एक रांग काढावी लागणार होती आणि तिच्यावरचा सारा भार नव्या पोलादी तुळयांवर घ्यावा लागणार होता. केळीच्या चेंबरला हवाबंद, उष्णतारोधक पेटी, फळ पिकवणारा इथिलीन वायू आणि दमट हवा लागते. जुन्या भिंतींच्या आत दुसरी पेटीच बांधावी लागेल, भिंतींचा त्याला काडीचा उपयोग नाही, आणि दमटपणाने लोणा मात्र वाढेल. केळी पिकवण्याचा धंदा आपल्या जिल्ह्यात उत्तम चालतो. तो नव्या शेडमध्येच चालावा. अभ्यासिकेला मात्र जे हवे ते जिनघरात आयते आहे: शांतता, उंची, थंडावा आणि वरून येणारा समान उजेड. पुस्तकांच्या कपाटांचा भार मोठा असतो. भारतीय मानक निवासी खोलीला प्रत्येक चौरस मीटरला २ किलोन्यूटन (सुमारे २०० किलोंचा भार) धरायला सांगते, तर ग्रंथालयाच्या कपाटांच्या खोलीला किमान ६. म्हणून आराखड्यात कपाटे बोळाच्या कमानींवरच्या ओट्यावर न ठेवता त्याच्या बाजूच्या पक्क्या जमिनीवर मांडली, आणि ओटा वाचनासाठी ठेवला.

उत्तरेकडच्या काचांनी आम्हाला एक धडा दिला. हे करवती छप्पर इंग्लंडच्या गिरण्यांतून आले आहे. तिथे सूर्य दुपारी नेहमी दक्षिणेला असतो, म्हणून उत्तरेच्या काचेतून बहुतेक वेळ मऊ उजेडच येतो. आपला भाग २१ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे साधारण मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन तर त्याही आधीपासून ईशान्य-वायव्येकडून आत येते. प्रतिकृतीत आणि जागेवरही आम्हाला ओट्यावर उन्हाचे पट्टे दिसले. काचेच्या वर थोडासा पुढे आलेला पत्रा आणि दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या देऊन ते अडवता येते. छपराच्या उतरत्या बाजूचा पत्रा हा उष्णतेचा मुख्य रस्ता होता. जाड भिंती दिवसभराची उष्णता आत यायला उशीर लावत होत्या, पण तापलेला पत्रा खाली बसलेल्याच्या डोक्यावर सरळ धग टाकत होता. त्यामुळे वातानुकूलनावर खर्च करण्याआधी पत्र्याखाली उष्णतारोधक थर, वर पांढरा लेप आणि माथ्याशी गरम हवा बाहेर जाण्याची वाट, या गोष्टी आम्ही पहिल्या क्रमांकावर ठेवल्या. एका दात्यावर पत्र्याऐवजी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे होते. ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, ओले करून अखंड उतरवायचे आणि प्लास्टिकमध्ये बांधून अधिकृत ठिकाणी द्यायचे, हे कंत्राटदाराला लिहून देण्याची काळजी घेतली.

कार्बनचा हिशेब मांडताना मला सर्वांत जास्त दक्षता घ्यावी लागली, कारण या विषयावर प्रेम असलेल्या माणसाला हवे ते उत्तर काढणे फार सोपे असते. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे. एक टन क्लिंकर (दळून ज्याचे सिमेंट होते ते भाजलेले खडे) भाजताना इंधन सोडून नुसत्या चुनखडीतूनच अर्ध्या टनाहून थोडा अधिक वायू निघतो, आणि खनिजापासून एक टन पोलाद करताना सुमारे दोन टन वा त्याहून जास्त. म्हणजे उभी भिंत आणि उभा खांब वाचवला की हे सारे वाचते, हे खरे. पण जुन्या चुन्याच्या भट्टीतूनही वायू निघतो आणि त्यातला काही भागच चुना परत घेतो. मजबुतीकरणाला पोलाद लागते. आणि इमारत पुढे पन्नास-साठ वर्षे वापरताना वीज लागते. ईएन १५९७८ या युरोपीय मानकाप्रमाणे साहित्य, वाहतूक, बांधकाम, वापर आणि शेवट असे सर्व टप्पे धरून मी दोन्ही पर्याय मांडले. तुलनेसाठी घेतलेली नवी इमारतही मी मुद्दाम वाईट धरली नाही. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, तिथली राख विटांना व सिमेंटला मिळते, म्हणून नवी इमारत राखेच्या विटांची, चांगल्या उष्णतारोधक छताची, अशीच धरली. तरीही पुनर्वापराचे पारडे जड राहिले, आणि त्याचे कारण जिनघराच्या भिंतींपेक्षाही त्यांच्या पायात व ओट्याखालच्या दगडात होते. एवढा खोल पाया नव्याने घ्यायचा तर काळ्या मातीत खोदाई, भर आणि काँक्रीट यांचाच खर्च मोठा होता.

कायद्याच्या बाजूने अशा इमारती अधांतरी आहेत. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा पुरातत्त्वविषयक कायदा घोषित स्मारकांना लागू होतो; तालुक्याच्या गावातला जिन त्या यादीत नसतो. दुसरीकडे, उपयोग बदलला की राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ प्रमाणे इमारत औद्योगिक वर्गातून सार्वजनिक जमावाच्या वर्गात जाते, आणि बाहेर पडण्याचे मार्ग, दारांची रुंदी, आग विझवण्याचे पाणी यांचे नियम बदलतात. इथेही इमारतीने हात दिला. कापसाच्या आगीच्या भीतीने जिनघराला मुळातच दोन्ही लांब बाजूंना दारे आहेत आणि विहिरीलगत पाण्याचा हौद आहे. बैलगाड्या ओट्याला लागाव्यात म्हणून बांधलेला दगडी उतार थोडा लांबवला की चाकाच्या खुर्चीसाठी लागणारा एकास बाराचा उतार मिळतो. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे ७०० लिटर पाणी येते. दात्यांच्या पन्हाळी दुरुस्त करून ते गाळणीतून विहिरीत सोडायचे, असे नकाशात दाखवले आहे.

पुनर्वापराची जगभर सांगितली जाणारी उदाहरणे मोठ्या शहरांची असतात. लंडनचे बँकसाइड वीज केंद्र २००० मध्ये टेट मॉडर्न हे कलादालन झाले, पॅरिसचे ओर्से स्टेशन १९८६ मध्ये संग्रहालय झाले. ती अभ्यासण्यासारखीच आहेत. पण मला अधिक जवळचे वाटले ते आपल्या चाळीसगावचे उदाहरण. स्टेशनजवळचा छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांचा बंगला त्यांच्यामागे त्यांच्या कलाकृतींचे संग्रहालय म्हणून जपला गेला आहे. मोठी देणगी किंवा महानगराची पर्यटक-गर्दी नसतानाही लहान गावात असे काम टिकू शकते, हे तिथे जाऊन पाहता येते.

कुटुंबापुढे अहवाल मांडला तेव्हा साहजिकच पहिला प्रश्न पैशाचा आला. सगळे काम एकदम करायचे म्हटले तर ते होणार नाही, हे उघड होते. म्हणून अहवालात कामाचे टप्पे पाडले आहेत, आणि त्यांचा क्रम उपयोगाच्या घाईवर अवलंबून न ठेवता इमारतीच्या गरजेवर ठेवला आहे. आधी छप्पर, पन्हाळी आणि पायाजवळची गटार. मग पडवी सुटी करणे व सिमेंटचा गिलावा उतरवून भिंतींना एक पूर्ण उन्हाळा वाळू देणे. त्यानंतर लाकूड, भिंतींचे दुवे आणि माथ्यावरचा पट्टा. आणि शेवटी वीज, टेबले व कपाटे. पहिल्या टप्प्याला कुटुंबाने होकार दिला आहे, मंगल कार्यालयाचा आग्रह थोरल्या काकांनी अजून पूर्ण सोडलेला नाही, आणि छपराच्या कामासाठी पन्हाळी पत्र्याचे दर मागवण्याचे पत्र नानांच्या मुलाच्या हाती दिले आहे.